काचेत पाणी दिसत नाही तेव्हा

(अभियंता दिनी सांगलीत तरुण अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला यशाबद्दल बोलायला सांगितलं होतं. तो विषय मी बदलून घेतला. माझी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पाचव्या खेपेला सुटली, आणि मला आधीच्या चार खेपांबद्दल बोलायचंय. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी बॅगेत नापासाचा निकाल असेल आणि तो घरी दाखवलेला नसेल. पहिल्या वेळी मीही दाखवला नव्हता.

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारी भट्टी. आपल्याकडे बॉयलर म्हटलं की साखर कारखाना. दसऱ्याच्या सुमाराला अग्निप्रदीपन होतं, नारळ फुटतो, आणि मग हंगामभर त्या आगीला जपायचं. हीटिंग सरफेस, म्हणजे आगीची उष्णता पाण्याला देणारा पृष्ठभाग, 1000 चौरस मीटरच्या वर गेला की बॉयलर या परीक्षेचं प्रमाणपत्र असलेल्या इंजिनिअरच्याच ताब्यात असावा लागतो. डिग्री असो, अनुभव असो, प्रमाणपत्र नसेल तर जबाबदारीची सही दुसऱ्याची. मी अनेक हंगाम दुसऱ्याच्या सहीखाली काढले.

पहिल्यांदा बसलो 2014 साली. लेखी परीक्षेतच गेलो. दुसऱ्या खेपेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, अभ्यासच झाला नव्हता. तिसऱ्या वेळी मात्र मी जीव तोडून अभ्यास केला होता. रात्रपाळी संपवून सकाळी दोन तास, सुट्टीच्या दिवशी आठ-आठ तास. तरी पुन्हा लेखीत राहिलो. गावात पारावर कुणीतरी विचारायचंच, "यंदा निघालं का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण त्या प्रश्नापायी मी दोन महिने पाराकडची वाट सोडून मागच्या गल्लीने घरी जात होतो. हे तुम्हाला सांगतोय, कारण नापास झाल्यावर माणूस आधी रस्ते बदलतो, मग माणसं टाळायला लागतो. अभ्यास राहिला बाजूला, तेच काम होऊन बसतं.

त्या काळात आमच्या बॉयलर हाऊसवर एक जुने फायरमन, म्हणजे भट्टीची आग सांभाळणारे, होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत. चिमणीचा धूर बघून ते बगॅस, म्हणजे जळणाला वापरतात तो उसाचा चोथा, कसा येतोय ते सांगायचे. एका रात्री प्रेशर खाली यायला लागलं. ते म्हणाले, "साहेब, बगॅस वला हाय." मी म्हटलं, "हो तात्या, ओलाव्यानं स्टीम पडतं." त्यावर ते म्हणाले, "त्ये मला बी ठावं हाय. किती पडतं त्ये सांगा."

मला सांगता येईना. मी तीनदा परीक्षेला बसलेला इंजिनिअर, आणि मला आकडा सांगता येईना.

घरी जाऊन कागद घेतला. किलोभर बगॅसमध्ये निम्मं पाणी. त्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ होताना 300 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता जाते, ती चिमणीतून आकाशात. बगॅसमध्ये हायड्रोजन असतो, तो जळताना आणखी पाणी तयार होतं, त्याचीही वाफच होते. म्हणून कॅलरीफिक व्हॅल्यू, म्हणजे किलोभर जळणातून मिळणारी उष्णता, ग्रॉस धरली, म्हणजे वाफेतली उष्णता वजा न करता, तर 2270 किलोकॅलरीच्या घरात दिसते, आणि नेट धरली, म्हणजे ती वजा करून, की 1800 च्या आसपास येते. ओलावा 50 टक्क्यांवरून 52 वर गेला की किलोमागे आणखी शंभरेक किलोकॅलरी गेल्या. आणि हे मांडता मांडता माझा हात थांबला. परीक्षेत एफिशियन्सीच्या गणितात मी नेट व्हॅल्यू घेत होतो आणि वर ओलाव्याचा तोटा पुन्हा वजा करत होतो. एकच नुकसान दोनदा मोजत होतो! दोन परीक्षांमध्ये तीच चूक. आठ-आठ तास वाचून ती पक्की झाली होती, कारण मी सोडवलेलीच गणितं पुन्हा सोडवत होतो, जिथे अडलो तिथे बघतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तात्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "आता कळलं." त्यांच्यापेक्षा जास्त मला कळलं होतं.

चौथ्या वेळी लेखी सुटली. तोंडी परीक्षेत विचारलं, गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसत नाही, काय कराल? मी लगेच म्हणालो, बॉयलरला पाणी देणारा फीड पंप वाढवीन. का? पाणी कमी झालंय म्हणून. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "कमी झालंय हे कशावरून? काच पूर्ण भरली तरी पातळीची रेघ दिसत नाही." मी गप्प. ते पुढे म्हणाले, "आणि खरंच कमी झालं असेल, ट्यूब तापून लाल झाल्या असतील, तर त्यावर पाणी सोडल्यावर काय होईल?"

उघड्या हवेत पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. हे मला पाठ होतं. तरीही मी पाणी सोडायला निघालो होतो. बरोबर उत्तर असं की आधी गेज ग्लासचे कॉक उघडून-बंद करून पातळी वर गेलीय की खाली ते ठरवायचं. खाली गेली असेल तर बगॅस फीडर बंद, वारा बंद, आग मारायची, आणि पाणी अजिबात द्यायचं नाही.

नापास होऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे सांगलीला उतरलो तेव्हा पहिल्यांदाच मला राग आला नव्हता. भीती वाटत होती. 1863 साली कोलकात्यात बॉयलर फुटून माणसं मेली, म्हणून पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. मग 1923 चा देशभराचा कायदा, आणि आता 2025 चा. या कायद्यांमागे मेलेली माणसं आहेत. त्या दिवशी मला पास केलं असतं, तर त्या सहीखाली तात्या उभे राहिले असते. परीक्षकांनी मला थांबवलं हे योग्यच केलं, असं मी आजही मनापासून म्हणतो.

मग ऑगस्ट 2019 चा पूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांवर गेलं. आमचं घर नदीच्या बाजूला. माणसं सुखरूप निघाली. पाच वर्षांच्या वह्या मात्र चिखलात गेल्या. पत्नीने त्या गच्चीवर वाळत घातल्या, पण शाई फुटली होती. ती म्हणाली, "जे आठवतंय ते पुन्हा लिहा." मी लिहायला बसलो. जे समजलं होतं ते न अडखळता उतरलं, आणि जे नुसतं पाठ होतं तिथे पान कोरं राहिलं. कोरी पानं मोजली, ती 34 भरली. पुढचा सगळा अभ्यास त्या 34 पानांचा. रोज पाळीवर जाताना एक पान घेऊन जायचं आणि ते तात्यांना पटेपर्यंत समजावायचं. ते सहजासहजी मान हलवत नसत.

पाचव्या खेपेला तोंडी परीक्षेत सेफ्टी व्हॉल्व्हवर, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेवर, विचारलं. उत्तर दिलं की पुढचा 'का' माझ्याच तोंडून येत होता.

माझं बोलणं इथे थांबवतो. ज्यांचे पेपर राहिलेत त्यांनी जाऊ नका. निकाल कुणाला दाखवायची गरज नाही, फक्त जे गणित अडलं ते आठवत असेल तसं लिहून आणा. स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या आकड्यांचा तक्ता, मी बरोबर आणलंय, आणि सभागृह आठपर्यंत आपल्याकडे आहे.