रक्त वाहताना पाहायचं तर

(पांढऱ्या पडद्यावर एक काळी रेघ वर चढते.)

ही रेघ रक्ताची नाही, रक्तात सोडलेल्या आयोडिनयुक्त डायची आहे. नुसतं रक्त क्ष-किरणांत वेगळं उठून दिसत नाही. डाय आता मेंदूच्या बुडाशी पोचला... फांद्या फुटल्या... त्या फिकट झाल्या, आणि आता शिरा भरतायत. हा सगळा प्रवास मोजक्या सेकंदांचा.

पण यात कवटी कुठे आहे? ती वजा केली. डाय सोडण्याआधी डोक्याचं एक चित्र घेऊन ठेवलं होतं. पुढच्या प्रत्येक चित्रातून ते वजा होतं, हाडं निघून जातात आणि रक्तवाहिन्या उरतात. म्हणून या तपासणीचं नाव डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी, म्हणजेच डीएसए. सबट्रॅक्शन म्हणजे वजाबाकी, अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्रण. रुग्णाने आवंढा गिळला तरी वजाबाकी बिघडते.

(जुनी क्ष-किरण चित्रं.)

1927 साली लिस्बनमध्ये पोर्तुगीज मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदा क्ष-किरणांत पाहिल्या. त्यासाठी मानेतली धमनी उघडी करून तिच्यात थेट द्रव सोडावा लागला होता. 1953 मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सोपी वाट दाखवली: सुई टोचायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, आत न्यायचा.

(कॅथलॅब. हातांचं जवळून दृश्य.)

आजही हेच चालतं. सुई जांघेत किंवा मनगटात. तार दोन बोटांच्या चिमटीत फिरतेय, आणि डॉक्टरांची नजर हातांवर नाही, पडद्यावर आहे. आता सिरिंजकडे पाहा. ती उभी धरली, टिचकी मारली, एक बुडबुडा वर आला, तो बाहेर काढला. पुन्हा टिचकी. हा कॅथेटर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत आहे. इथे हवेचा एक बुडबुडाही आत जाता कामा नये.

(सिटी स्कॅनर.)

सिटी अँजिओला एवढा खटाटोप लागत नाही. डाय हाताच्या शिरेतून जातो आणि काही सेकंदांत मान आणि डोकं टिपून होतं. पक्षाघाताच्या झटक्यात मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी सिटीच करतात. मात्र धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं असेल तर ते इतकं चकाकतं की आतली वाट आहे त्याहून अरुंद भासते.

(अंधारात फिरणारं धमन्यांचं झाड.)

हे एमआर अँजिओचं, म्हणजे एमआरआय यंत्राने घेतलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र. क्ष-किरण नाहीत, आणि या पद्धतीत डायही नाही. जागच्या जागी असलेल्या ऊतींचा सिग्नल यंत्र दाबून टाकतं, टिपल्या जाणाऱ्या भागात बाहेरून नव्याने आलेलं रक्त उजळतं. त्यामुळे रक्त जिथे मंदावतं किंवा घुसळतं तिथे उजेड विझतो, आणि अरुंद धमनी पूर्ण बंद वाटू शकते. धमनीच्या भिंतीला आलेला 3 मिलिमीटरहून लहान फुगा सिटीतही निसटू शकतो, एमआरमध्येही.

तरी आमच्या मते खरा फरक वेळेचा आहे. या दोन तपासण्यांतून बहुतेकदा रक्तवाहिनीचा आकार कळतो. रक्त कुठून आलं, कुठे गेलं, कुणाच्या आधी पोचलं, हे डीएसए दाखवते. वेळ टिपणाऱ्या सिटी-एमआरच्या पद्धती आल्या आहेत, पण डीएसएइतका बारकावा त्यांत अजून नाही.

डीएसएमध्ये गुठळी सुटून झटका येण्याचा धोका असतो. कायमचं नुकसान शंभरात एकाहूनही कमी जणांना होतं.

(पुन्हा काळी रेघ. दुसरा रुग्ण. गती कमी.)

या रुग्णाच्या मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली गेल्याचा संशय आहे. सिटीत काही सापडलं नव्हतं.

धमनी भरतेय. शिरा अजून रिकाम्या असायला हव्यात.

डावीकडे, कानाच्या मागे पाहा.