स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू

(कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे मालक आणि मेकॅनिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जुन्या गाडीच्या स्टिअरिंगला प्ले आला, म्हणजे स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाकं हलत नाहीत अशी मोकळीक आली, की आपल्याकडे इलाज ठरलेला. बॉनेट उघडायचं, स्टिअरिंग बॉक्सच्या झाकणावरचा चेकनट, म्हणजे स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट, सोडायचा, मधला स्क्रू अर्धा फेरा आवळायचा आणि मालकाला म्हणायचं, "बघा आता कसं टाइट झालंय!" मालक दसरा चौकापर्यंत चक्कर मारतो, खूश होऊन पैसे देतो. पुढच्या रविवारी तो पन्हाळ्याला निघतो आणि घाटातल्या पहिल्याच वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायचं नाव घेत नाही. हाताने ओढून आणावं लागतं. आजचं सगळं बोलणं पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्सवरच्या या एका स्क्रूबद्दल आहे.

पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आलं ते 1951 साली, अमेरिकेत, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये. म्हणजे दसऱ्याला आपण जिच्याभोवती गर्दी करतो ती छत्रपतींची मेबॅक मोटार त्याच्या आधीच्या जमान्यातली. आपल्या भागात अशा जुन्या गाड्या म्हणजे बाहेरून आलेल्या काही अमेरिकन, काही मर्सिडीज. 1995 पासून पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू 124 सुद्धा आता याच रांगेत येऊन बसल्यात. अँबेसिडरवाल्यांनी चहा घ्यायला हरकत नाही. तुमच्याकडे रॅक, म्हणजे दातांची सरळ पट्टी आहे, हा बॉक्सच नाही.

आता आत काय चाललेलं असतं ते बघू. स्टिअरिंगचा दांडा बॉक्समध्ये शिरतो आणि पुढे वर्म, म्हणजे मळसूत्रासारख्या खाचेचा दांडा, होतो. वर्मवर एक जाड नट असतो आणि दोघांच्या खाचांतून पोलादी गोळ्या फिरत राहतात. नट पुढे-मागे सरकतो. त्याच्या अंगावरच्या दातांत सेक्टर शाफ्टचे, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचे, दात अडकलेले असतात. सेक्टर फिरला की खालचा ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या जोडण्या हलवणारा हात, हलतो. पॉवरच्या बॉक्समध्ये हा नटच पिस्टन असतो. तेलाचा दाब त्याला ढकलतो, आपले हात फक्त दिशा सांगतात.

हे दात सगळीकडे सारखे घट्ट बसत नाहीत, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. गाडी सरळ चाललेली असताना, म्हणजे बॉक्सच्या बरोबर मध्यावर, ते सर्वांत घट्ट. दोन्ही बाजूंना वळवत न्याल तशी थोडी मोकळीक. झाकणावरचा स्क्रू सेक्टर शाफ्टला त्याच्या लांबीत सरकवतो. सेक्टरचे दात किंचित निमुळते असल्यामुळे तेवढ्याने ते नटच्या दातांत आणखी खोल बसतात. बस्स, एवढंच त्याचं काम. वर्मच्या बेअरिंगमधला प्ले तो काढत नाही, स्टिअरिंगच्या दांड्यातल्या रबरी जोडाचा, म्हणजे कपलिंगचा काढत नाही, चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचा तर नाहीच नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीखाली जा. चाकं जमिनीवरच असू द्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावा, शटर उघडं ठेवा म्हणजे धूर कोंडणार नाही. इंजिन चालू. हे महत्त्वाचं, कारण पॉवर बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळी, असतो आणि इंजिन बंद असताना तो पिळला जातो. तो पीळ हाताला हुबेहूब प्लेसारखाच लागतो. कितीतरी चांगले बॉक्स या गैरसमजापायी आवळले गेलेत. आता एका पोराला स्टिअरिंगवर बसवा आणि प्ले जेवढा आहे तेवढंच डावी-उजवीकडे हलवायला सांगा, जास्त नाही. तुम्ही वरून खाली एकेक सांधा बघत या, बोट लावून बघा. कपलिंगचं रबर आधी हलतंय आणि दांडा मागून? बॉक्सच चेसिसवर हलतोय, बोल्ट ढिले आहेत? ड्रॉप आर्मला जोडलेल्या दांड्याचं, ड्रॅग लिंकचं, टोक कपात खुळखुळतंय? पलीकडच्या बाजूने या जोडण्यांना आधार देणारा आयडलर आर्म वर-खाली उडतोय? यातलं काही सापडलं तर तिथेच थांबा आणि तेच दुरुस्त करा. माझ्या अनुभवात बहुतेक गाड्यांचं भांडण इथेच मिटतं. बॉक्समध्ये शिरणारा दांडा फिरतोय आणि ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, असं डोळ्यांनी दिसलं तरच दोष बॉक्सचा. त्यातही दांडा आत-बाहेर सरकत असेल तर आधी वर्मचं बेअरिंग, मग स्क्रू. हा क्रम उलटा केलात तर दोन्ही सेटिंग खोटी ठरतात.

आता स्क्रू. ड्रॉप आर्मपासून लिंक सोडवा. इंजिन बंद. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, टोकाला आपटू नका, आणि फेरे मोजा. साडेतीन निघाले तर पावणेदोन मागे या. हा बॉक्सचा खरा मध्य. स्टिअरिंगच्या काड्या आडव्या दिसतात म्हणून मध्य मानू नका. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड कमी-जास्त करून काड्या सरळ केलेल्या असू शकतात. मध्य सोडून आवळलात तर तिथली मोकळीक तुम्ही मारणार आणि मध्यावर दात एकमेकांत आवळून बसणार. पन्हाळ्याच्या त्या गाडीचं हेच झालेलं असतं.

स्क्रू अ‍ॅलन कीने धरून चेकनट सोडा. अगदी थोडं फिरवा, एक अष्टमांश फेरा म्हणजे खूप झाला. चेकनट आवळताना स्क्रू धरूनच ठेवा. नटाबरोबर तो हमखास पुढे जातो आणि केलेलं सेटिंग बिघडतं. मग मध्यावरून फिरवून बघा. हाताला जेमतेम जाणवेल असा एक चढ लागला पाहिजे. ज्यांच्याकडे टॉर्क मोजायचा बारीक काटा आहे त्यांनी मॅन्युअलमधला आकडा बघावा. अमेरिकन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो इंच-पाउंडात असतो, आणि 12 इंच-पाउंड मिळून एक फूट-पाउंड होतो. चाकाच्या नटाचा टॉर्क रेंच इथे आणलात तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतील.

मघाशी एका दादांनी विचारलं, मध्यावर प्ले आहे पण वळवताना जड जातंय, मग काय करायचं? दादा, तुमच्या बॉक्सचं आयुष्य मध्यावर संपलंय. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे झीज मध्यालाच. बाजूचे दात अजून नव्यासारखे. मध्याचा प्ले काढायला जाल तर बाजूचे अडकणार. इथे स्क्रूला हात लावायचा नाही, बॉक्स खोलायचा.

खोलल्यावर उद्यमनगरात, आपल्या वर्कशॉपच्या वस्तीत, काय होतं आणि काय होत नाही, हेही सांगतो. बुश लेथवर होतो, झाकणाची बैठक घासून मिळते, ऑइल सील मापाचं सापडतं. सेक्टरच्या झिजलेल्या दातावर वेल्डिंग भरून तो घासून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, हातही सफाईदार आहे. तरीही ते काम करून घेऊ नका. दाताचं पोलाद उष्णता देऊन वरून कठीण केलेलं असतं. वेल्डिंगच्या धगीत ते जातं, शेजारी चीर पडू शकते, आणि तो दात तुटला तर स्टिअरिंग नुसतं गरगर फिरेल. सेक्टर आणि नट जोडीनेच मिळवा, जुने असले तरी चालतील, पण एकाच बॉक्समधले.