चार बाजू, चार रचना: सॉफ्ट मशीनची 'थर्ड' कशी ऐकावी

मंडळी, इंग्लंडच्या कँटरबरी गावातून आलेल्या सॉफ्ट मशीन या बँडचा तिसरा अल्बम जून १९७० मध्ये निघाला. नाव 'थर्ड', म्हणजे तिसरा. कव्हर खाकी कागदासारखं साधं. आत दोन तबकड्या, म्हणजे चार बाजू, आणि प्रत्येक बाजूवर एकच रचना. कुठलीही अठरा मिनिटांपेक्षा लहान नाही. या रेकॉर्डला कुणी रॉक म्हणतं, कुणी जॅझ. तो वाद आज बाजूला ठेवू. ही रेकॉर्ड बांधली कशी, एवढंच पाहू, कारण जॅझकडे वळण्यामागे आवडीइतकाच यंत्रांचाही हात आहे.

पहिलं यंत्र माइक रॅटलेजचा ऑर्गन. त्या काळी बहुतेक मंडळींकडे हॅमंड कंपनीचा ऑर्गन असे, याच्याकडे लोरी कंपनीचा. लोरीचा सूर पातळ आणि टोकदार, म्हणून त्याने तो फझबॉक्समधून काढला. फझ काय करतो, तर स्वरलहरीचं वरचं आणि खालचं टोक कापून सपाट करतो. एक स्वर वाजवला तर आवाज जाड, किंचित घोगरा होतो, सनईच्या जवळ जातो. दोन स्वर एकत्र वाजवले, की त्यांच्या कंपनांची वजाबाकीही ऐकू यायला लागते. ४४० आणि ६६० हर्ट्झ, म्हणजे सा आणि प घेतले तर फरक २२०. तो खालचाच सा, त्यामुळे कानाला गोड. पण पाश्चात्त्य कळफलकावरचा गंधार ५५४ च्या आसपास असतो. फरक पडतो ११४. खर्जातला सा असतो ११०. हे चार हर्ट्झ खरखरतात. तीन-चार स्वरांचा कॉर्ड धरला तर नुसता चिखल.

म्हणून या ऑर्गनवर कॉर्ड नव्हे, एकेरी ओळ वाजवायची. आणि ती थांबवायची नाही. अँप्लिफायर एवढा चढवलेला असे, की बोटं उचलली रे उचलली की तो फीडबॅकने शिट्टी मारायला लागे. रॅटलेज श्वासाला जागा न ठेवता लांबच लांब ताना घेतो, त्यामागे हे कारण आहे. वाद्याचा दोष लपवता लपवता शैली झाली. सॅक्सोफोनवाला फुंक संपली की थांबतो, हा थांबू शकत नाही. दोघांचे सोलो पाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

फुंकवाद्यांचं थोडक्यात. १९६९ च्या शरदात बँडने कीथ टिपेट या जॅझ पियानोवादकाच्या गटातले वादक घेतले, सात जणांचा ताफा झाला. तो टिकला नाही. जानेवारी १९७० पर्यंत एल्टन डीन आणि लिन डॉबसन एवढे दोघे उरले, थोड्याच दिवसांत डॉबसनही गेला. डीन आल्टो सॅक्स आणि सॅक्सेलो वाजवतो. सॅक्सेलो म्हणजे मान वाकवलेला, तोंड वर वळवलेला सोप्रानो सॅक्स. (एल्टन जॉनने आपल्या नावातला 'एल्टन' या डीनवरूनच उचलला. रेकॉर्डशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता पहिली बाजू, बँडचा बास गिटारवादक ह्यू हॉपर याची 'फेसलिफ्ट'. ही सलग वाजवलेली नाही. ४ जानेवारीचा क्रॉयडनमधला आणि ११ जानेवारीचा बर्मिंगहॅममधला, अशा दोन कार्यक्रमांच्या फिती कापून ती जोडली आहे. शेवटाकडे उलट्या फिरवलेल्या फितीचे आवाज मिसळतात. आवाज कोंदट आहे, ही जुनी तक्रार. खरीच आहे. पण तुमचे स्पीकर तपासत बसू नका, मूळ मुद्रणच तसं आहे.

फीत जोडण्याचं तंत्र ठाऊक असेल तर ऐकण्याची गंमत वाढते. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, रुंदी साडेसहा मिलिमीटरच्या आत. ब्लेडने ४५ अंशांत तिरका छेद द्यायचा. सरळ कापली तर टक् असा आवाज येतो. तिरक्या छेदात एक तुकडा दुसऱ्यात विरघळायला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. मात्र स्टिरिओत फितीच्या एका कडेला डावा आवाज, दुसऱ्या कडेला उजवा. तिरक्या छेदात एक बाजू आधी बदलते, दुसरी मागून येते, आणि चित्र क्षणभर हलतं. म्हणून स्टिरिओत छेद जरा उभा घेतात. दुसरी अडचण झांजेची. ती घुमत असताना कापलं तर घुमारा तुटतो आणि चोरी उघडी पडते. तेव्हा कापायचं ड्रमच्या ठोक्याच्या अगदी अलीकडे. ठोका सांधा झाकतो. 'फेसलिफ्ट'मध्ये सांधे शोधायचे तर सूर सोडून द्या, सभागृहाचा घुमारा ऐका. तो बदलला की फीत बदलली.

दुसरी बाजू रॅटलेजची, 'स्लाइटली ऑल द टाइम'. इथे नवा श्रोता हमखास चुकतो, कारण तो ड्रमवर मात्रा मोजतो. ड्रमवादक रॉबर्ट वायट सम दाखवत नाही. तो समेच्या आजूबाजूला खेळत राहतो. आपल्याकडे एकल तबल्याला लेहरा धरतात ना, तसं इथे हॉपरचं बास गिटार आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि आवर्तन सांभाळतं. वाक्य जिथे पुन्हा सुरू होतं तिथे टाळी द्या, दोन टाळ्यांमधल्या मात्रा मोजा. विषम संख्या आली तर दचकू नका. रूपक ऐकलेल्या कानाला त्यात परकं काही नाही. फरक एकच, लेहरा शेवटपर्यंत तोच राहतो, इथे बासचं वाक्य मध्येच बदलतं आणि मोजणी नव्याने मांडावी लागते. त्या जागी हिशेब चुकला तर चुकू द्या, दोन आवर्तनांत पुन्हा सापडतो.

तिसरी बाजू 'मून इन जून'. अल्बमवरचं एकमेव गायन, वायटचं. बाकीच्यांना आता गाण्यांत रस उरला नव्हता, म्हणून पहिल्या भागातली बहुतेक वाद्ये त्याने एकट्याने वाजवली. मग बँड येतो, आणि अखेरीस रॅब स्पॉलचं व्हायोलिन. हे व्हायोलिन तबकडीच्या नेमक्या आतल्या चऱ्यांत आलंय. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात बाहेरच्या काठावर सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर चरा सरकतो, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाला निम्म्याहून कमी जागा मिळाली, की तार सप्तकातले स्वर दाटीवाटीने कोरले जातात आणि झिजलेली सुई त्यांना फाडते. शेवट चिरका वाटला तर स्पॉलला दोष देण्याआधी सुई बदला.

चौथी बाजू, 'आउट-ब्लडी-रेजस', पुन्हा रॅटलेजची. सुरुवातीची पाचेक मिनिटं नुसती कळफलकाच्या लूपची. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचा प्रभाव इथे सरळ दिसतो. लूप म्हणजे फितीची दोन टोकं जोडून केलेला फेरा. तीन सेकंदांचा हवा तर ११४ सेंटिमीटर फीत, साडेतीन सेकंदांचा हवा तर १३३. यंत्राबाहेर लोंबणारी फीत माइकच्या स्टँडवरून ताणून धरायची. सैल पडली की सूर डुलतो. हे दोन फेरे एकत्र सोडले तर एकविसाव्या सेकंदाला दोघे समेवर येतात, मधल्या वेळात दर खेपेला नवी जुळणी. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. उलटी फीत ओळखायची खूण अशी: विजेच्या पियानोचा स्वर एरवी ठोक्यासरशी उमटतो आणि विरतो, उलटा केला की शून्यातून फुगत येतो आणि कापल्यासारखा थांबतो. दाबून धरलेल्या ऑर्गनच्या स्वराला पुढचं-मागचं फारसं कळत नाही, त्यामुळे तो उलटा करून हाती काही लागत नाही.

ही बाजू हेडफोनवर ऐका. आणि २००७ ची सीडी मिळाली तर तिची दुसरी तबकडी जरूर लावा. १३ ऑगस्ट १९७० ला हा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या अभिजात संगीताच्या महोत्सवात वाजला, ते मुद्रण तिच्यावर आहे. तिथे तीच रचना कात्रीवाचून ऐकायला मिळते.