‘एक्स’ लिहिलेलं पाकीट

[दृश्य: ऑस्टिन, टेक्सस. जॉन्सन ग्रंथालयाचं दालन. काचेमागे लाल खोक्यांच्या रांगा, एकावर एक चार मजले.]

ही लाल खोकी. प्रत्येकावर राष्ट्राध्यक्षांची सोनेरी मुद्रा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीतला कागद न् कागद इथे जपून ठेवला आहे.

२६ जून १९७३ रोजी इथे एक पाकीट आलं. आणून देणारे होते वॉल्ट रॉस्टो, जॉन्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. पाकिटावर हाताने एकच अक्षर लिहिलेलं: ‘एक्स’. आणि सोबत सूचना, की हे पन्नास वर्षं उघडायचं नाही.

ज्यांच्या काळातले ते कागद, ते जॉन्सन पाच महिन्यांपूर्वीच वारले होते.

[दृश्य: जुनं चित्रण. १९६८ च्या प्रचारसभा, फुगे, बँड. मध्येच भातशेतीवरून जाणारी हेलिकॉप्टर.]

१९६८. अमेरिकेचे पाच लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनाममध्ये. ३१ मार्चला जॉन्सन टीव्हीवर आले आणि आपण पुन्हा उभे राहणार नाही, असं सांगून मोकळे झाले. उरलेले महिने त्यांना एकाच कामासाठी हवे होते: वाटाघाटी.

रिंगणात तिघं. डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री, रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन आणि तिसरे जॉर्ज वॉलेस. सप्टेंबरअखेरच्या गॅलप जनमत चाचणीत निक्सन हम्फ्रींच्या तब्बल १५ टक्के पुढे होते. ३० सप्टेंबरला हम्फ्रींनी सॉल्ट लेक सिटीतून सांगितलं की शांततेसाठी आपण बॉम्बहल्ले थांबवण्याची जोखीम घेऊ. तिथून अंतर कमी व्हायला लागलं.

[दृश्य: पॅरिस, क्लेबेर रस्ता. जुन्या हॉटेल मॅजेस्टिकची दगडी इमारत. आज इथे आलिशान हॉटेल, दारात गाड्या.]

वाटाघाटी इथे चालल्या होत्या. मे महिन्यापासून. अमेरिकेकडून अ‍ॅव्हरेल हॅरिमन आणि सायरस व्हान्स, उत्तर व्हिएतनामकडून झ्वान थुई. पाच महिने गाडं जागचं हललं नाही. ऑक्टोबरात हललं. अमेरिकेच्या अटी तीन होत्या: दक्षिण व्हिएतनामच्या सरकारलाही चर्चेत घ्यायचं, उत्तर-दक्षिण सीमेवरचा निर्लष्करी पट्टा पाळायचा आणि शहरांवर मारा करायचा नाही. या पाळल्या तर उत्तरेवरचे बॉम्बहल्ले पूर्ण थांबणार होते.

१६ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी तिन्ही उमेदवारांना एकाच वेळी फोनवर घेतलं.

[ध्वनी: मूळ फोन-संभाषण. पडद्यावर डिक्टाबेल्ट यंत्र, सुई प्लास्टिकच्या पट्ट्यावर खाच पाडत सरकते आहे.]

हा आवाज त्याच फोनचा. डिक्टाबेल्ट म्हणजे पातळ प्लास्टिकचा पट्टा. सुई त्यावर दाबून आवाजाची खाच पाडते. खाच एकदा पडली की पुसता येत नाही. जॉन्सन यांचे असे कित्येक तासांचे फोन ऑस्टिनच्या ग्रंथालयात आहेत. आम्ही तिथे दोन दिवस काढले, पट्ट्यांमागून पट्टे ऐकले, कारण या गोष्टीत खरं काय घडलं ते भाषणांतून कळतच नाही. ते या खाचांत आहे.

जॉन्सन यांनी तिघांना अटी समजावून सांगितल्या. विनंती एकच केली, की बोलताना जपून बोला, उत्तर व्हिएतनामला पुढच्या राष्ट्राध्यक्षाकडून आपल्याला जास्त मिळेल असं वाटता कामा नये. देशाचा कारभार हाकणारा माणूस निवडणुकीतल्या तिघांना विश्वासात घेतो, ही साधी गोष्ट नाही. तिघांनीही मान डोलावली.

[दृश्य: वॉशिंग्टन. वॉटरगेट संकुलाच्या वळणदार गच्च्या. सर्वांत वरच्या मजल्यावर स्थिरावणारा कॅमेरा.]

इथे, अगदी वरच्या मजल्यावर, अ‍ॅना शेनॉल्ट राहायच्या. जन्म चीनमधला. दुसऱ्या महायुद्धात चीनसाठी लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकी वैमानिकांच्या तुकडीचे सेनानी क्लेअर शेनॉल्ट यांच्या पत्नी, आता विधवा. रिपब्लिकन पक्षासाठी निधी उभा करण्यात आघाडीवर. आशियातल्या राजधान्यांत त्यांना थेट प्रवेश होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी दक्षिण व्हिएतनामचे राजदूत बुई डिएम यांची निक्सनशी न्यूयॉर्कमध्ये गाठ घालून दिली होती. तिथेच ठरलं, की निरोप शेनॉल्ट यांच्यामार्फत जातील-येतील. हे पुढे खुद्द शेनॉल्ट आणि बुई डिएम या दोघांनीही लिहून ठेवलं आहे.

[दृश्य: कॅलिफोर्निया, निक्सन ग्रंथालय. पिवळ्या कागदावरचं घाईघाईचं हस्ताक्षर, अगदी जवळून.]

हा कागद सावकाश बघा. २२ ऑक्टोबर १९६८. निक्सन फोनवर बोलताहेत आणि त्यांचे सहायक एच. आर. हॉल्डमन भराभर टिपून घेताहेत. एका ओळीत शेनॉल्ट यांना दक्षिण व्हिएतनामच्या कामावर लावून ठेवायला सांगितलं आहे. आणखी एका ओळीत प्रश्न आहे: यात, म्हणजे वाटाघाटींत, खीळ घालायचा दुसरा काही मार्ग आहे का?

निक्सन यांनी हे सगळं आयुष्यभर नाकारलं. चरित्रकार जॉन फॅरेल यांच्या हाती ही टिपणं लागली आणि २०१६ संपता संपता ती वाचकांसमोर आली. अठ्ठेचाळीस वर्षांनी.

आणि तीनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, निक्सन यांनी जाहीर निवेदन काढलं. बॉम्बहल्ले थांबवण्याचा हा खटाटोप हम्फ्रींना वाचवण्यासाठी आहे, असं मला काही जण सांगतात, पण मी त्यावर विश्वास ठेवत नाही, असा त्याचा आशय. शंका पेरायची आणि वर आपण ती मानत नाही म्हणायचं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की वेगळं भाष्य करावं लागत नाही.

[दृश्य: हो चि मिन्ह सिटी, पूर्वीचं सायगाव. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा. थियू यांचं टेबल. तळघरात टेलिफोन, भिंतींवर नकाशे.]

सायगावचा राजवाडा. राष्ट्राध्यक्ष न्ग्वेन व्हॅन थियू इथून कारभार बघायचे. अमेरिकेची सीआयए त्यांच्या कार्यालयातलं बोलणं चोरून ऐकत होती. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या दूतावासाच्या तारा वाचल्या जात होत्या, फोन एफबीआय ऐकत होती. मित्रराष्ट्र, तरी हे सगळं. त्यामुळे २३ ऑक्टोबरला बुई डिएम यांनी पाठवलेली तार जॉन्सन यांनाही मिळाली. अनेक रिपब्लिकन मित्र आम्हाला ठाम राहायला सांगताहेत, असं तिच्यात होतं.

थियू यांना वाटाघाटींची भीती होतीच. अमेरिका आपल्याला सोडून जाईल ही धास्ती त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि एकही निरोप आला नसता तरी ते कदाचित अडून बसले असते. पण निरोप आले.

[दृश्य: ३१ ऑक्टोबर, जॉन्सन टीव्हीवर. लगेच पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली निक्सन यांची सभा.]

मतदानाला पाच दिवस. जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले पूर्ण थांबवले. त्याच रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्सन म्हणाले, की शांततेच्या संधीला धक्का लागेल असं आपण काहीही बोलणार नाही.

२ नोव्हेंबर. थियू यांनी जाहीर केलं, आम्ही पॅरिसला जाणार नाही. त्याच दिवशी एफबीआयने शेनॉल्ट यांचा निरोप टिपला. टिकून राहा, आपण जिंकणार आहोत. हा ‘बॉस’चा निरोप आहे, असं त्यांनी राजदूतांना सांगितलं होतं. बॉस म्हणजे कोण, ते अहवालात नाही.

[ध्वनी: २ नोव्हेंबरची रात्र. जॉन्सन आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन. आवाज पूर्ण चालू द्यावा.]

‘हा देशद्रोह आहे.’ आणि पलीकडून डर्कसन यांचं उत्तर: ‘मला माहीत आहे.’

दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी स्वतः जॉन्सन यांना फोन केला. सायगावला अडवण्याचं काम आपण कधीच करणार नाही, अशी हमी दिली. जॉन्सन यांनी ऐकून घेतलं.

[दृश्य: ४ नोव्हेंबरच्या बैठकीचे कागद, परराष्ट्रमंत्री रस्क आणि संरक्षणमंत्री क्लिफर्ड यांची छायाचित्रं.]

मतदानाच्या आदल्या दिवशी जॉन्सन यांनी रस्क, क्लिफर्ड आणि रॉस्टो यांना विचारलं: हे लोकांना सांगायचं का? तिघांनीही नको म्हटलं. सांगायचं तर चोरून ऐकलेले फोन उघड करावे लागणार. शिवाय क्लिफर्ड यांना धास्ती होती, की हा माणूस निवडून आलाच तर देश चालणार कसा? हम्फ्रींनाही कळलं होतं. अखेरच्या सभांमध्ये हातात एवढी मोठी गोष्ट असूनही त्यांनी ती वापरली नाही. राष्ट्राध्यक्षांना माहीत, मंत्र्यांना माहीत, दोन्ही पक्षांच्या नेत्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहणाऱ्या मतदाराला तेवढं माहीत नव्हतं.

निक्सन जिंकले. सुमारे ५ लाख मतांनी, म्हणजे एका टक्क्याहून कमी फरकाने.

[दृश्य: पुन्हा पॅरिस. १९६९, गोल टेबल मांडताना कामगार.]

चारपक्षीय चर्चा अखेर जानेवारी १९६९ मध्ये सुरू झाली. त्याआधी टेबल कोणत्या आकाराचं असावं यावरच कित्येक आठवडे गेले. करारावर सह्या झाल्या २७ जानेवारी १९७३ रोजी. याच क्लेबेर रस्त्यावर, याच इमारतीत.

[दृश्य: ऑस्टिन. हातमोजे घातलेले हात पाकिटातले कागद काढून मांडताहेत.]

ग्रंथालयाने पन्नास वर्षं वाट पाहिली नाही. पाकीट १९९४ मध्ये उघडलं, फोनचे हे पट्टे २००८ मध्ये ऐकायला मिळाले. पाकीट देताना रॉस्टो यांनी एक टिपण जोडलं होतं. १९६८ मध्ये काहीच झालं नाही, म्हणून पुढे १९७२ मध्ये वॉटरगेट संकुलातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी करवणाऱ्या निक्सन यांच्या माणसांची भीड चेपली असावी, असं त्यांना वाटत होतं.

[दृश्य: वॉशिंग्टन, व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत. पश्चिमेकडची बाजू. पहाट, पाटीवर दव.]

त्या नोव्हेंबरनंतर अमेरिकेचे आणखी २० हजारांहून अधिक सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं लाखांनी मेली, त्यांची नावं या भिंतीवर नाहीत.

इथली नावं अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहेत. त्यामुळे १९६८ चा ऑक्टोबर कुठे संपतो, ते बोट ठेवून दाखवता येतं.

[दृश्य: एका वृद्ध स्त्रीचं बोट पाटीवर टेकतं. तिथून कॅमेरा भिंतीला समांतर, न थांबता, शेवटच्या पाटीपर्यंत. फक्त पावलांचा आवाज. निवेदन नाही.]