चिठ्ठ्या कोण लिहिणार?

नमस्कार. समोर बहुतेक आईबाबा बसले आहेत, आणि मागच्या रांगेत काही आजी-आजोबाही दिसताहेत. ते आले याचा मला विशेष आनंद आहे, कारण मूल वयात येताना घरच्या सणांचं काय होतं, यावर आज मी बोलणार आहे, आणि त्यातून ते एकदा गेलेले आहेत.

सुरुवात एका साध्या हिशेबाने करते. तुमच्या घरी वर्षातला जो मोठा सण असेल, तो डोळ्यांसमोर आणा. मूल साडेतीन-चार वर्षांचं होईपर्यंतचे सण त्याला पुढे आठवत नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी ते अंग काढून घ्यायला लागतं. मधे उरले किती? आठ, फार तर नऊ. ‘आमच्याकडे नेहमी असंच असतं’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, ते मुलाच्या लेखी आठ-नऊ वेळाच घडलेलं असतं. शिवाय दर वेळी मूल निराळं होतं. चौथ्या वर्षी ते कडेवरून बघत होतं, सातव्या वर्षी प्रश्नांनी भंडावत होतं आणि दहाव्या वर्षी आपल्याही आधी कामाला लागत होतं. सण दर वर्षी बदलतच होता. तो बदल आपल्याला खुपला नाही, कारण प्रत्येक बदलाबरोबर मूल आपल्या आणखी जवळ येत होतं. तेराव्या वर्षी ते पहिल्यांदा लांब जातं, आणि तेव्हा आपण म्हणतो, परंपरा मोडली.

आमच्या घरी चिठ्ठ्यांचा खेळ असे. सणाच्या दिवशी भेटवस्तू घरात कुठेतरी लपवायची आणि तिथपर्यंत नेणाऱ्या आठ चिठ्ठ्या, प्रत्येकीत एक कोडं. कोडी मी लिहायची. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर लिहीत बसायचे, आणि खरं सांगते, तो तास मला सणाहून प्रिय होता. लेक तेरा वर्षांची झाली त्या वर्षी आठवडाभर आधी म्हणाली, ‘आई, या वेळी चिठ्ठ्या नकोत.’ मला लागलं. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता, तरी मी रागाच्या भरात चिठ्ठ्याच केल्या नाहीत. सणाच्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘खरंच नाही केल्यास?’

हा प्रश्न मी पुढे कितीतरी घरांत ऐकला. मुलं म्हणतात, मी येणार नाही. आपण बेत रद्द केला की तीच मुलं चिडतात. पालकांना वाटतं, यांना नेमकं हवंय तरी काय? मला वाटतं, त्यांना दोन्ही हवं असतं, आणि दोन्ही खरं असतं. ज्या घरातून बाहेर पडायचं, ते मागे वळून बघितल्यावर जागेवर दिसायला हवं. म्हणून माझी पहिली विनंती ही, की मुलाने नाही म्हटलं तर रागावून सण आवरता घेऊ नका. तुम्ही तुमचा सण करा, दार उघडं ठेवा.

हे लांब जाणं किती असतं, याचा एक चांगला अभ्यास आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या उपनगरांतल्या 220 मुलांना रीड लार्सन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेजर, म्हणजे खिशात मावणारी, वाजून सूचना देणारी छोटी यंत्रं, दिले. पेजर दिवसात कधीही वाजे, आणि त्या क्षणी आपण काय करतोय, कोणाबरोबर आहोत, कसं वाटतंय, हे मुलं लिहून ठेवत. काही वर्षांनी त्याच मुलांबरोबर हे पुन्हा केलं. 1996 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहाव्या वर्षी जागेपणातला 35 टक्के वेळ कुटुंबाबरोबर जात होता, अठराव्या वर्षी 14 टक्के. निम्म्याहूनही कमी. हा आकडा ऐकला की पालकांचे चेहरे उतरतात. पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. आई किंवा बाबा आणि मूल, असा दोघांचाच वेळ घटला नव्हता. घट झाली ती सगळ्यांनी मिळून घालवण्याच्या वेळात. आणि तीही मुख्यतः घरातल्या भांडणांमुळे नव्हे, तर बाहेरचं जग ओढत होतं म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत मुलांना घरच्यांबरोबर असताना तितकंसं छान वाटत नव्हतं, पण मोठी होताना ते पुन्हा सुधारलं.

यातून मी एक गोष्ट घेतली. सगळे मिळून दिवसभर, हा आग्रह या वयात टिकत नाही, पण दोघांची खरेदी, दोघांनी रात्री उशिरा घर सजवणं हे टिकतं. रात्री हा शब्द मुद्दाम वापरते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्काडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे न उठणाऱ्या मुलाला सणाची किंमत नाही, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. जे हलवता येईल ते संध्याकाळी हलवा.

आता नातेवाईक. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. मुलं सणाला कंटाळतात असं आपण म्हणतो. त्यांच्याशी नीट बोललं तर कळतं, की ती सणाला नाही, त्या दिवशी होणाऱ्या तपासणीला कंटाळलेली असतात. किती मार्क पडले, केवढी उंच झालीस, वजन वाढलंय का, आवाज फुटला वाटतं, चेहऱ्यावर हे काय आलंय. आणि हे सगळं भरल्या खोलीत. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. या वयात मुलाला सतत वाटत असतं, की सगळे आपल्याकडेच बघताहेत. एरवी ते प्रेक्षक काल्पनिक असतात. सणाच्या दिवशी आपण खरे आणून बसवतो. तिथे आपल्या मुलाच्या बाजूने उभं राहणं हे आपलं काम आहे. ‘मावशी, तिला आवडत नाही, दुसरं काहीतरी बोलू या,’ एवढं एक वाक्य पुरतं. मुलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. फोटोचंही तेच. न विचारता कोणाला पाठवायचा नाही, एवढा शब्द दिलात तर फोटोला उभं राहण्याची कुरकुर बरीच कमी होते.

पुढच्या वर्षी काय झालं ते सांगते. सणाआधी मी लेकीला विचारलं, ‘चिठ्ठ्या तू लिहितेस का, धाकट्यासाठी?’ तिने एकच अट घातली, मी आधी वाचायच्या नाहीत. त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा जळत होता आणि मी बाहेर होते. दुसऱ्या दिवशी पाचवी चिठ्ठी निघाली: ‘रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मार खातं ते कोण?’ मला सुटली नाही. धाकट्याने सोडवली: गजराचं घड्याळ. तिची कोडी माझ्यापेक्षा अवघड होती, त्यांत घरातली भांडणंही आली होती, आणि शेवटची वस्तू मी कधीही लपवली नसती अशा ठिकाणी होती. माझ्या मनातला खेळ तो नव्हता. पण खेळ चालू राहिला.

कामं सांगणं आणि अधिकार देणं यांत आपण फार गल्लत करतो. ‘मोठी झालीस, आता मदत कर’ म्हणून खुर्च्या उचलायला लावणं म्हणजे मोठं करणं नव्हे. मोठ्यांकडे निर्णय असतो. कोणाला बोलवायचं, काय गाळायचं, किती वाजता सुरू करायचं, यातलं काहीतरी खरोखर त्यांच्या हाती द्यावं लागतं, आणि मग ते आपल्याला आवडलं नाही तरी परत घ्यायचं नसतं. सगळंच त्यांच्यावर सोडा, असं मी म्हणत नाही. घरातल्या सगळ्यांनी एक तास एकत्र बसायचं, फोन बाजूला ठेवून, यावर मी अडून राहते. एक तास मागितला तर मिळतो, पूर्ण दिवस मागितला तर तोही जातो. ज्यांचं घर आता दोन घरांत विभागलं आहे, त्यांनी कोणता तास कुठे, हे मुलालाही विचारावं.

तुमच्या घरचा पुढचा सण जवळ आला की एखाद्या निवांत रात्री मुलाशी एकट्याने बोला. तीन गोष्टी विचारा: काय राहू द्यायचं, काय जाऊ द्यायचं आणि काय तू करणार. जे जाऊ दे म्हणेल, ते यंदापुरतं खरंच जाऊ द्या. त्या दिवशी तो विषय काढू नका, जुने फोटोही दाखवू नका. संध्याकाळी मूल दारात येऊन उभं राहिलं, तर फक्त थोडं सरकून त्याला बसायला जागा करून द्या.