उपाशी राहायचं, उपवास करायचा नाही

मंडळी, पेट-एमआरआय म्हणजे शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध शरीरात कुठे साठतं ते दाखवणारं पेट स्कॅन आणि चुंबकाने चित्र काढणारा एमआरआय, दोन्ही एकाच मशीनमध्ये. त्याच्या कागदावर ‘सहा तास काही खाऊ नये’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते वाचून घरातली माणसं म्हणतात, म्हणजे उपवासच की! आणि पेशंटला सकाळी साबुदाण्याची खिचडी मिळते. या तपासणीसाठी त्याहून वाईट पदार्थ शोधून सापडायचा नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोटात गेला की साखर वाढते, पाठोपाठ इन्सुलिन वाढतं, आणि सगळं बिघडतं ते तिथे.

का बिघडतं, हे समजून घेऊ. कॅन्सरसाठी बहुतेक वेळा जे औषध शिरेतून देतात, ते एफडीजी. ही ग्लुकोजसारखीच रचना, तिच्यावर फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू बसवलेला. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात आणि ती आत अडकून पडते. गाठीला साखर जास्त लागते म्हणून गाठ उजळते. पण रक्तात इन्सुलिन वाढलेलं असेल तर स्नायूंची दारं उघडतात आणि औषध मांड्या, पाठ, दंडाकडे जातं. गाठीच्या वाट्याला थोडंच उरतं. चित्रात स्नायू झळकतात, गाठ फिकी दिसते. डॉक्टरांना अशा चित्रावरून खात्रीने काही सांगता येत नाही.

म्हणून सहा तास फक्त साधं पाणी. बिनसाखरेचा चहासुद्धा नको, कारण त्यात दूध असतं. खडीसाखर, प्रसादाचा पेढा, बडीशेप, च्युइंगम, खोकल्याचं गोड औषध, काही नको. ग्लुकोजची सलाईन चालू असेल तर ती आधी कळवा. पाणी मात्र भरपूर प्या.

आदल्या दिवशीची दगदगही स्नायूंत दिसते. जिम, लांब चालणं, पाण्याच्या बादल्या उचलणं 24 तास टाळा. तपासणीच्या सकाळी लोकल पकडायला जिने धावत चढू नका, अर्धा तास आधी निघा.

मधुमेह असेल तर इथे नीट लक्ष द्या. इंजेक्शनपूर्वी बोटातून साखर तपासतात. ती साधारण 200 च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. तेव्हा घाबरून घरून आणलेलं इन्सुलिन टोचून घेऊ नका. साखर खाली येईल, पण औषध स्नायूंत जाईल, घोळ तोच. जलद इन्सुलिन आणि एफडीजी यांच्यात किमान चार तास हवेत. त्यामुळे इन्सुलिनवाल्यांनी दुपारची वेळ मागावी: सकाळी लवकर नेहमीची न्याहारी आणि नेहमीचं इन्सुलिन, त्यानंतर फक्त पाणी. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी उजळतात, म्हणून पोटाचा भाग तपासायचा असेल तर ती 48 तास बंद ठेवायला सांगतात. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

हे सगळं एफडीजीसाठी. प्रोस्टेटसाठीच्या पीएसएमए तपासणीला उपाशी राहायची गरज सहसा नसते. ‘औषध कोणतं देणार?’ हे फोनवर विचारून घ्या.

इंजेक्शननंतर साधारण तासभर एका खोलीत शांत पडून राहायचं. पेशंटच्या मनासाठी म्हणून नातेवाईक गप्पा मारतात, पण बोललं की स्वरयंत्राचे स्नायू औषध घेतात, चघळलं की जबड्याचे. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी पेटते आणि ती लिम्फच्या गाठींसारखी दिसू शकते. पांघरूण मागून घ्या, संकोच करू नका. मशीनवर जाण्याआधी लघवी करायची, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं. कपड्यावर किंवा मांडीवर चार थेंब सांडले तरी तिथे उजळ ठिपका येतो. सांडलं तर लगेच सांगा, कपडे बदलून मिळतात.

आता एमआरआयचं चुंबक. ते बहुधा 3 टेस्लाचं असतं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), आणि ते कायम चालू असतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, हाडातला रॉड, शरीरात राहिलेला छर्रा, काहीही असलं तरी आधी सांगा. इम्प्लांटचं कार्ड बरोबर आणा. लेथवर, वेल्डिंगला किंवा ग्राइंडिंगला काम केलं असेल तर डोळ्यात लोखंडाचा कण असू शकतो, तेही सांगा. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, कडदोरा, ताईत, दंडावरची पेटी, केसातल्या पिना, सेफ्टीपिन, काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र, साखर मोजायचा सेन्सर, औषधी पट्टी: सगळं बाहेर. जोडवी घट्ट बसलेली असतात, ती आदल्या रात्री साबण लावून घरीच काढा. काजळ पुसून या.

अंगावरचा धातू इथे दोन्ही चित्रं बिघडवतो. गाठीतून निघालेले किरण बाहेर येताना शरीरात काही प्रमाणात शोषले जातात, तेवढी भरपाई संगणक करतो. पेट-सीटीत त्यासाठी सीटीचं माप असतं. इथे एमआरआयवरूनच हवा, फुप्फुस, चरबी, पाणी असं ओळखावं लागतं. धातूभोवती एमआरआयला सिग्नल मिळत नाही, धातूपेक्षाही मोठं काळं भोक पडतं. संगणकाला ती हवा वाटते, तो भरपाई कमी करतो, आणि त्या जागची गाठ आहे त्याहून फिकी दिसते.

आत 45 मिनिटांपासून दीड तासापर्यंत लागतो. बोगदा साधारण 60 सेंटीमीटरचा. बंद जागेची भीती असेल तर वेळ घेतानाच सांगा; ऐनवेळी पेशंट बाहेर आला तर दिलेलं औषध फुकट जातं, कारण दर 110 मिनिटांनी ते निम्मं होतं. हाताची बोटं एकमेकांत गुंफू नका, पायाची घडी घालू नका, कातडीला कातडी लागून वर्तुळ झालं तर चटका बसू शकतो. श्वास सोडून थांबायचा सराव घरी करून या.

एमआरआयचं चित्र स्पष्ट यावं म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, अलीकडचा रिपोर्ट न्या. गरोदर असाल, शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर वेळ घेतानाच सांगा. शेवटची केमो किंवा रेडिएशन कोणत्या तारखेला झालं ते लिहून आणा, जुन्या स्कॅनच्या सीडीसकट. घरी गेल्यावरही पाणी पीत राहा. त्या दिवशी तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला फार वेळ जवळ घेऊन बसू नका. अकरा तासांत औषधाचा किरणोत्सार नुसता आपोआप घटूनच सुरुवातीच्या चौसष्टाव्या भागाइतका उरतो, लघवीतून जातं ते वेगळं.