बूस्टर परत आला, पुढं काय?

(सांगलीत इंजिनिअरिंगची पोरं आणि कुपवाड एमआयडीसीतली मंडळी यांच्यासमोर झालेलं भाषण, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. 2024 च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 13 ऑक्टोबरला रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो व्हिडिओ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असणार. टेक्सासमधून स्पेसएक्सचं स्टारशिप उडालं आणि साधारण सात मिनिटांत त्याचा खालचा टप्पा, सुपर हेवी बूस्टर, 71 मीटर उंच, 33 इंजिनांचा, जिथनं गेला तिथंच परत आला आणि टॉवरच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतल्या हवेत धरलं. मी ते अजूनही अधनंमधनं लावून बघतो, दरवेळी अंगावर काटा येतो.

पण आज मला बोलायचंय ते त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाबद्दल, जे फारसं कुणी फॉरवर्ड केलं नाही. सोमवारी रात्री साडेनऊला त्याच कंपनीच्या फाल्कन हेवीनं नासाचं युरोपा क्लिपर यान गुरूकडं रवाना केलं. फाल्कन हेवी म्हणजे तीन बूस्टर शेजारी शेजारी बांधलेले, एकेकाला नऊ इंजिनं, एकूण 27. बाजूचे दोन बूस्टर आधी पाच वेळा उडून सुखरूप परत आले होते, आणि त्या रात्री तिन्हीच्या तिन्ही समुद्रात सोडून दिले. मुद्दाम, आधीच ठरवून. आदल्या दिवशी बूस्टर झेलणारी हीच कंपनी, मग दुसऱ्या दिवशी टाकून का दिले?

कारण परत यायला इंधन लागतं आणि ते इंधन जाताना ओझं म्हणून सोबत न्यावं लागतं. यान सहा टनांचं, जायचं गुरूपर्यंत, तिथं टाकीतला शेवटचा थेंबसुद्धा वेगासाठीच लागतो. आकडाच सांगतो, साधा फाल्कन 9 बूस्टर टाकून द्यायची तयारी असेल तर भूस्थिर कक्षेच्या (जिथं उपग्रह पृथ्वीवरनं एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो) वाटेवर 8.3 टन नेतो आणि बूस्टर परत हवा असेल तर 5.5 टन, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वजन परतीच्या खात्यात गेलं. म्हणून अवजड सामान नेणाऱ्या रॉकेटमध्ये पुनर्वापर करायचा असेल तर रॉकेट आधीच गरजेपेक्षा मोठं बांधावं लागतं, सुपर हेवी एवढा अवाढव्य आहे त्याचं एक मोठं कारण हेच.

आता खालचाच टप्पा का परत आणतात, वरचा का नाही? वरच्या टप्प्यावर एक किलो पाय, पंख, उष्णतारोधक टाइल, काहीही वाढवलं की उपग्रहाचं सरळ एक किलो कमी होतं. खालच्या टप्प्यावर तोच एक किलो वाढवला तर नुकसान त्याच्या काही हिश्शाएवढंच, कारण तो अर्ध्या वाटेवर गळून पडतो, कक्षेपर्यंत जातच नाही. शिवाय इंजिनं सगळ्यात जास्त खाली, म्हणजे पैसा पण तिथंच.

आता माझा खरा मुद्दा. परत आणणं ही निम्मी गोष्ट झाली, परत उडवणं ही वेगळी आणि जास्त अवघड गोष्ट आहे आणि टाळ्या मात्र सगळ्या पहिलीलाच पडतात. बूस्टर परत आणणं काही 2015 ला स्पेसएक्सनं सुरू नाही केलं. अमेरिकेचं स्पेस शटल 1981 ते 2011 उडत होतं, 135 उड्डाणं, त्याचे दोन पांढरे घन इंधनाचे बूस्टर दोन मिनिटं जळून पॅराशूटनं अटलांटिकमध्ये पडायचे, लिबर्टी स्टार आणि फ्रीडम स्टार नावाची दोन जहाजं जाऊन ते ओढत आणायची. मग ते धुवायचे, सुटे करायचे, रेल्वेनं पार युटापर्यंत न्यायचे, आतलं जळकं अस्तर खरवडून काढायचं, केसिंग (बाहेरचं स्टीलचं नळकांडं) तपासायची, नवं अस्तर, नवं इंधन ओतायचं आणि परत रेल्वेनं फ्लोरिडाला. आपल्याकडं गळीत हंगाम संपला की साखर कारखाना कसा उघडून टाकतात, मिलचे रोलर बाहेर काढतात, झिजलेले दात भरून घेतात, बेअरिंग बघतात, बॉयलरच्या ट्यूबा साफ करतात, तसं ओव्हरहॉलिंग प्रत्येक उड्डाणानंतर. त्यात वाचायची ती मुख्यतः स्टीलची केसिंग, बाकी मेहनत नव्यानं बनवण्याएवढीच.

फाल्कनच्या बाबतीत पण बघा. पहिला बूस्टर डिसेंबर 2015 मध्ये जमिनीवर उभा उतरला, सगळ्या जगात बातमी झाली, पण तो बूस्टर पुन्हा कधी उडालाच नाही, कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसबाहेर उभा करून ठेवलाय. वापरलेला बूस्टर प्रत्यक्ष दुसऱ्यांदा उडाला तो 30 मार्च 2017 ला, म्हणजे मधे सव्वा वर्ष गेलं. या काळात काय चाललं होतं ते आपल्यासारख्या शॉपफ्लोअरवरच्या माणसांनी समजून घ्यायला पाहिजे. इंजिनाच्या टर्बोपंपाच्या (इंजिनात जोरानं इंधन ढकलणारा पंप) चाकावर बारीक भेगा दिसत होत्या, नासाच्या लोकांना त्याची काळजी होती. आपण कास्टिंगची डीपी टेस्ट करतो ना, लाल डाय मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारला की डोळ्याला न दिसणारी भेग लाल रेघ होऊन वर येते. ती रेघ दिसली की पुढचा प्रश्न असा की हा पार्ट अजून किती वेळा वापरू शकतो. एकदाच उडणाऱ्या रॉकेटला हा प्रश्नच नसतो. मे 2018 मध्ये ब्लॉक 5 नावाची आवृत्ती आली, त्यात टर्बोपंप सुधारला आणि उड्डाणांच्या मधे कमीत कमी काम पडावं म्हणून बाकीही बरंच बदललं. पुढं मार्च 2025 मध्ये एकच बूस्टर नऊ दिवसांत दुसऱ्यांदा उडाला, आणि आता तर एकेका बूस्टरची 30 पेक्षा जास्त उड्डाणं झाली आहेत. मला विचाराल तर खरा पराक्रम हे नऊ दिवस.

आता आपल्याकडं येऊ. चांद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3 वर गेलं त्याच्या दोन्ही बाजूंना एस-200 हे घन इंधनाचे बूस्टर आहेत, एकेकात 200 टनांच्या वर इंधन, 3.2 मीटर व्यास. त्याच्या केसिंगचे सेगमेंट वालचंदनगरला बनतात, इंदापूर तालुक्यात, ज्या वालचंद शेठजींचं नाव इथं विश्रामबागेतल्या कॉलेजला आहे त्यांनीच वसवलेल्या गावात. एवढं अवघड वेल्डिंग आपल्या माणसांच्या हातचं आहे याचा मला फार अभिमान वाटतो. पण हे रॉकेट भूस्थिर कक्षेच्या वाटेवर चार टनांच्या आसपासच नेतं, म्हणून 4700 किलोचा आपला जीसॅट-एन2 नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरिडातनं फाल्कन 9 वर पाठवावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रानं एनजीएलव्ही या नव्या रॉकेटला मंजुरी दिली, 8240 कोटी, पृथ्वीजवळच्या कक्षेत 30 टन, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा. मुदत 96 महिने.

भाषण संपायच्या आधीच एका मुलानं प्रश्न विचारला की सर, एस-200 लाच पॅराशूट लावून आणलं तर? चांगला प्रश्न आहे. आणता येईल, शटलवाल्यांनी आणलेच की. पण घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, कमीजास्त करता येत नाही, म्हणजे त्याच्या जोरावर उभं उतरणं नाही, समुद्रातच पडणार, आणि मग वर सांगितलं ते सगळं ओव्हरहॉलिंग आलं. नासानं 2022 मध्ये आर्टेमिस-1 ला शटलच्याच जातीचे बूस्टर लावले, पण या वेळी ते आणायला जहाज पाठवलंच नाही. म्हणून तर इस्रो नव्या रॉकेटसाठी मिथेन आणि द्रव ऑक्सिजनचं इंजिन करतंय, ते हवेत बंद करून परत पेटवता येतं, आणि मिथेन जळताना काजळी फार धरत नाही, रॉकेलवाल्या इंजिनात ती धरते.

मला काळजी आहे ती उड्डाणांच्या संख्येची. 2024 मध्ये इस्रोची सगळी मिळून पाच उड्डाणं झाली, फाल्कनची सव्वाशेच्या वर. एक बूस्टर वीस वेळा वापरायचा म्हटला तर वर पाठवायला तेवढं सामान आणि गिऱ्हाईक पाहिजे, नाहीतर तो शेडमध्येच उभा राहील. हे इंजिनिअरनं एकट्यानं सुटणारं नाही, सरकार आणि खाजगी कंपन्या दोघांनी आत्तापासून हालचाल करायला पाहिजे.

आणि मागच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं की आम्ही यासाठी काय शिकायचं. डिझाइनकडं तर सगळेच पळतात. मी म्हणेन एनडीटी शिका, म्हणजे पार्ट न तोडता करायची तपासणी, डीपी, अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी, लेव्हल टूचं सर्टिफिकेट काढा. आज रॉकेटचा वेल्ड उडायच्या आधी तपासतात, एनजीएलव्हीचा बूस्टर परत यायला लागला की तोच वेल्ड प्रत्येक उड्डाणानंतर तपासावा लागणार. आणि तोपर्यंत कुपवाडमध्ये त्याला काम आहेच.